रात्रीचे पाणी, झोप आणि पोटातील जिवाणू



पाचट जाळू नका, असे आम्ही शेतकी खात्याची माणसे दरवर्षी सांगतो. पाचट कुजले की जमिनीतले जिवाणू वाढतात व पिकाला अन्न मिळवून देतात, हे आता बहुतेकांना पटले आहे. असेच जिवाणू आपल्या पोटातही आहेत. माणसाच्या अंगात ते सुमारे ३८ लाख कोटी असावेत असा २०१६ सालचा अंदाज आहे. त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. ज्वारीचा कोंडा, डाळीची टरफले, पालेभाजीचा चोथा, म्हणजे आपल्याला जे पचत नाही ते त्यांचे खाद्य. त्यापासून ते जी आम्ले तयार करतात, त्यांवर आतड्याचे अस्तर पोसते. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील संशोधकांना भारतीयांच्या आतड्यात ‘प्रिव्होटेला’ हे जिवाणू विशेष आढळले. धान्य-भाजीपाला जास्त खाणाऱ्यांत ते अधिक असतात.

आता झोपेचा यात काय संबंध? लाईट रात्रीची असली की दारे धरायला रात्रीच जावे लागते. पहाटेपर्यंत सरीत उभे राहायचे अन् दिवस उगवला की धारा काढायला बसायचे. झोप मिळते जेमतेम चार तास. साधारण एवढ्याच झोपेचा प्रयोग स्वीडनमधील उप्साला येथे झाला व २०१६ साली प्रसिद्ध झाला. नऊ निरोगी पुरुषांना दोन रात्री सव्वाचार तासच झोपू दिले. एरवी साडेआठ तास. दोनच रात्रींत जिवाणूंच्या मोठ्या गटांचे आपसातले प्रमाण बदलले. शिवाय साखर आवरणाऱ्या इन्सुलिनला शरीर देते तो प्रतिसाद सुमारे २० टक्क्यांनी उतरला. मधुमेहाची सुरुवात याच वाटेने होते, म्हणून हे लिहितो आहे.

मात्र २०१७ साली अमेरिकेतील दुसऱ्या प्रयोगात झोप कमी करूनही जिवाणूंत फारसा फरक दिसला नाही. २०१९ च्या पाहणीत चांगली झोप घेणाऱ्यांच्या पोटात जिवाणूंचे प्रकार जास्त आढळले. पण झोपेमुळे जिवाणू सुधारले की जिवाणूंमुळे झोप, हे त्यावरून ठरत नाही. तेव्हा झोपेसाठी जिवाणूंची पुडी विकायला कोणी आला, तर पैसे खिशातच ठेवा.

एक गोष्ट मात्र उपयोगाची आहे. इस्रायलमध्ये २०१४ साली उंदरांवर झालेल्या प्रयोगांत दिसले की पोटातल्या जिवाणूंनाही दिवस-रात्र असते, आणि ती बरीचशी खाण्याच्या वेळेवर चालते. खाणे अवेळी झाले की ताल बिघडतो. ठरल्या वेळी दिले की परत बसतो.

म्हणून रात्रपाळी असली तरी जेवण नेहमीच्या वेळी करूनच रानात जावे. मध्यरात्री चहा-फरसाण टाळावे, पाणी प्यावे. प्रौढ माणसाला सात तास तरी झोप लागते. रात्री बुडालेली दुपारी अंधाऱ्या खोलीत भरून काढावी, घरच्यांनीही उठवू नये. शेजाऱ्याशी सावड करून एकाआड एक रात्र वाटून घेता येते. घरात कोणाला साखरेचा आजार असेल, तर स्वतःची साखर प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्यावी.

ठिबक असेल तर रात्रभर सरीत उभे राहावे लागत नाही. ज्यांना ठिबक करायचे आहे, त्यांनी कागदपत्रांची चौकशी आपल्या गट कार्यालयात करावी.