मांजरी आपल्याच पिल्लांवर का फिसकारते?

'मांजरीचे दात तिच्या पिल्लांना लागत नाहीत' ही म्हण आपण वर्गात शिकवतो. आणि खडकवासल्याच्या चौपाटीवर एखादी मांजरी दोन-अडीच महिन्यांच्या पिल्लाला पंजा मारताना दिसली, की मुलं विचारतात, "आई अशी का वागते?"

उत्तर दुधात आहे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पिल्लांना सुईसारखे दात येतात, ते आचळांना टोचतात. आई आधी उठून जाते, मग फिसकारते, मग चापट. साधारण आठव्या आठवड्यापर्यंत दूध तुटतं. याच काळात ती मेलेला उंदीर आणून देते, पुढे अर्धमेला. म्हणजे शिकवतेच की! शिवाय मांजरी लवकर पुन्हा माजावर येते. गाभण राहिली तर जेमतेम नऊ आठवड्यांत नवी पिल्लं, मग थोरली जवळ नको वाटतात.

पालकांनो, तिला मारू नका, आणि आठ आठवड्यांच्या आत पिल्लं तोडू नका. चापटीने सहसा जखम होत नाही. रक्त निघालं, किंवा डोळे न उघडलेल्या पिल्लांवरच ती धावून गेली, तर मात्र तिला काही दुखतंय का, हे पशुवैद्याला दाखवा. दवाखान्यातून परतलेल्या पिल्लाचा वास बदललेला असतो, म्हणूनही ती चिडते. अशा वेळी एकाच फडक्याने दोघांना पुसून काढा.