बेस गिटारचा आवाज कुठे घडतो? गिटार, पिकअप आणि पेडल यांची तुलना



आजचा पाठ थोडा वेगळा आहे. शाळेत आपण ध्वनी शिकलो, चुंबक शिकलो, विद्युतप्रवर्तनही शिकलो. परीक्षा झाली आणि वही माळ्यावर गेली. पण हे तिन्ही धडे एकाच वस्तूत एकत्र आलेले बघायचे असतील तर बेस गिटार हातात घ्या.

हा पाठ सुचला त्याला कारण घडलं. माझा एक जुना विद्यार्थी आमच्या भवानी पेठेतच राहतो. दिवसा लूमवर कामाला जातो आणि लग्नसराईत एका ऑर्केस्ट्रामध्ये बेस वाजवतो. एका संध्याकाळी तो मोबाईल घेऊन आला. त्यावर एका पेडलचा व्हिडिओ होता. म्हणाला, "सर, माझा आवाज नुसता चिखल होतोय. कार्यालयात काय वाजवतोय ते मलाच कळत नाही. हे पेडल घेतो. आठ महिने पैसे साठवलेत, थोडे आईनं दिलेत."

त्याची आई घरी विड्या वळते. त्या पैशाला किती वेळ लागतो हे आपल्या पेठेत कोणाला सांगायला नको. मी म्हणालो, "घे, पण आज नको. रविवारी गिटार, वायर आणि छोटा अ‍ॅम्प घेऊन ये. आधी चिखल कुठून येतोय ते शोधू." त्या रविवारी आम्ही जे केलं तोच आजचा पाठ.

१. बेस म्हणजे किती खालचा आवाज?

चार तारांच्या बेसच्या तारा जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी अशा लावतात. त्यांची वारंवारता साधारण ४१, ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झ असते. साध्या गिटारच्या खालच्या चार तारांपेक्षा हे बरोबर एक सप्तक खाली. इतका खालचा स्वर नीट निघावा म्हणून तारही लांब लागते. बहुतेक बेसवर तिची कंप पावणारी लांबी ३४ इंच असते.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. मोबाईलचा स्पीकर ४१ हर्ट्झ वाजवूच शकत नाही. मग मोबाईलवर बेस ऐकू कसा येतो? तार एकच स्वर काढत नाही. मूळ स्वर ४१ चा असेल तर सोबत ८२, १२३, १६५ असे उपस्वरही निघतात. ते कानावर पडले की मूळ स्वर मेंदू स्वतःच भरून काढतो. म्हणून मोबाईलवर व्हिडिओ बघून पेडलची पारख करू नका. बेसचा खालचा अर्धा भाग त्यात नसतोच. निदान चांगला इयरफोन तरी लावा. आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस वाजवायचे. त्या काळातली गाणी एकदा मोबाईलच्या स्पीकरवर आणि एकदा इयरफोनवर ऐका. गाणं तेच असतं, पण खाली चाललेलं दुसरं गाणं तेव्हा सापडतं.

२. आवाजाची साखळी

वहीत ही साखळी लिहून घ्या: बोट, तार, पिकअप, गिटारवरची बटणं, वायर, पेडल, अ‍ॅम्प, स्पीकर आणि शेवटी खोली. नियम सोपा आहे. आधीच्या कडीत जे हरवलं ते पुढची कडी परत आणू शकत नाही. फार तर उरलेलं मोठं करते, आणि त्याबरोबर घाणही मोठी होते.

आपल्या शेजारच्या मिरजेत बघा. तिथल्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तानपुऱ्याचा आवाज सुधारायचा तर कारागीर आधी घोडीकडे वळतो, तिची जवारी घासून काढतो. वादक तारेखाली सुताचा दोरा सरकवून झणकार जुळवतो. म्हणजे जिथे आवाज जन्मतो तिथे काम आधी. बेसलाही तोच न्याय लावायचा.

३. पहिली कडी: बोट आणि तार

"तारा कधी बदलल्यास?" मी विचारलं. तो हसला. गिटार घेतली तेव्हापासून बदलल्याच नव्हत्या. घेऊन तीन वर्षं झालेली.

जाड तारेवर बारीक तार गुंडाळलेली असते. त्या वेटोळ्यांत घाम, धूळ, मळ बसतो. वरचे उपस्वर आधी मरतात आणि उरतो तो गुरगुराट. त्यालाच आपण चिखल म्हणतो. तारांचा नवा संच पेडलपेक्षा कितीतरी स्वस्त मिळतो.

तारांतही प्रकार आहेत. गोल गुंडाळीच्या तारा खणखणीत, पण बोट सरकताना खरखर करतात. चपट्या गुंडाळीच्या तारा मऊ आणि गोल वाजतात. जुन्या धाटणीच्या गाण्यांना त्या शोभतात.

आता बोट. तार घोडीजवळ छेडली तर आवाज कडक आणि स्पष्ट, मानेकडे छेडली तर गोल. तार अगदी मध्यावर छेडली की सम क्रमांकाचे उपस्वर जवळजवळ उठतच नाहीत. हा बदल फुकट आहे. हात चार बोटं सरकवला की झाला. आधी हे करून बघा, मग बाजारात जा.

४. दुसरी कडी: पिकअप

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची तार लोखंड किंवा निकेलयुक्त असते. ती हलली की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वेटोळ्यात विद्युतधारा तयार होते. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलं तेच हे. म्हणून नायलॉनच्या तारेवर असा पिकअप मुका राहतो.

बेसचे तीन नमुने ओळखायला शिका. आज बाजारात दिसणारे बहुतेक बेस यांचीच भावंडं आहेत.

पहिला, प्रिसिजन. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये बाजारात आणला. उभ्या डबल बेसला पडदे नसतात, स्वर कानाने शोधावा लागतो. इथे पडद्यांमुळे बोट नेमक्या स्वरावर पडतं, म्हणून हे नाव. १९५७ पासून त्याचा पिकअप दोन तुकड्यांत आला. आवाज भरदार, मधला भाग पुढे. गर्दीच्या गाण्यातही हरवत नाही.

दुसरा, जॅझ बेस, १९६० चा. याला दोन पिकअप, एक मानेकडे आणि एक घोडीकडे. दोन्ही बटणं कमीजास्त करून बरेच आवाज काढता येतात.

तिसरा, १९७६ चा म्युझिक मॅन स्टिंगरे. मोठा दुहेरी पिकअप आणि आत बॅटरीवर चालणारा छोटा अ‍ॅम्प. आवाज धारदार. साध्या गिटारवरची बटणं आवाजातून फक्त वजा करू शकतात, बॅटरीवाल्या गिटारवर भरही घालता येते. बॅटरीवाल्या बहुतेक गिटारांत वायर खोचलेली असेपर्यंत बॅटरी जळत राहते, म्हणून वाजवून झालं की वायर काढायची.

आता घुंईऽऽ आवाजाकडे वळू. आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची. एकेरी वेटोळ्याचा पिकअप तारेबरोबर ही वीजही ऐकतो. ट्यूबलाईट, डिमर, शेजारच्या लूमची मोटार, सगळं त्यात येतं. गंमत बघा: ई तारेचा तिसरा पडदा दाबला की जी स्वर येतो, ४९ हर्ट्झचा. म्हणजे घुंई आणि तुमचा स्वर जवळजवळ एकाच जागी बसलेले! घुंई कापायला जाल तर स्वरही कापला जाईल. म्हणून ती मुळातच थांबवावी लागते.

उपाय वेटोळ्यातच आहे. दोन वेटोळी उलट गुंडाळायची आणि त्यांचे चुंबकही उलटे ठेवायचे. मग तारेचा आवाज बेरजेत येतो आणि घुंई वजाबाकीत जाते. गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी १९५५ च्या सुमारास हा हंबकर घडवला. प्रिसिजनचा दोन तुकड्यांचा पिकअपही याच युक्तीवर चालतो. आज जॅझ पद्धतीच्या बहुतेक बेसमध्ये दोन्ही पिकअप सारखे उघडले की घुंई मिटते, एकच उघडला की परत येते.

माझ्या विद्यार्थ्याचा बेस जॅझ पद्धतीचाच होता आणि पुढचं बटण कायम बंद! कोणीतरी त्याला सांगितलं होतं, मागचाच पिकअप चांगला. दोन्ही बटणं पूर्ण फिरवली आणि घुंई एकदम गेली. तो माझ्याकडे बघतच राहिला.

पिकअपची उंचीही तपासा. फार खाली गेला तर आवाज दुबळा होतो. फार वर आला तर चुंबक तारेलाच ओढतो, स्वर डळमळतो आणि लवकर विझतो. एका स्क्रू-ड्रायव्हरचं काम आहे. त्याची जी तार दबलेली वाजत होती, ती स्क्रूच्या दोन वेढ्यांत वर आली.

एक इशारा: घुंई घालवण्यासाठी काही जण अ‍ॅम्पच्या तीन पिनांमधली अर्थची पिन काढून टाकतात. असं कधीही करू नका. मंडपात ओली जमीन, एका हातात तार आणि समोर माईक, यात जीव जाऊ शकतो. मांडव कोणाचाही असो, आधी अर्थिंग विचारायचं. त्यात लाजायचं काही नाही.

५. तिसरी कडी: पेडल

आता पेडल. आपल्याकडच्या वरातीत बेंजो तुम्ही ऐकला असेल. ते वाद्य मूळचं जपानचं, तिथे १९१२ मध्ये निघालेल्या ताइशोगोतोचा हा वंशज. आपल्या पोरांनी त्याला पिकअप आणि पेडल लावून रस्त्यावर आणलं. बेंजोचा स्वर वरचा, त्यामुळे त्यावर इको आणि ओव्हरड्राइव्ह खुलतात. तेच पेडल बेसला लावलं तर उलटं होतं. खालचे स्वर एकमेकांवर चढतात. म्हणून वाद्य बघून पेडल निवडायचं.

- कॉम्प्रेसर: जोरात वाजलेलं दाबतो, हळू वाजलेलं वर आणतो. चारही तारा एका रांगेत येतात. जास्त लावला तर जीव जातो.
- इक्वलायझर: कोणता पट्टा कमी, कोणता जास्त ते ठरवतो. काँक्रीटच्या कार्यालयात १०० ते २५० हर्ट्झचा पट्टा घुमतो. तिथे बेस वाढवण्यापेक्षा हा पट्टा थोडा कापा. कमी केल्यावर जास्त ऐकू येतं, हे करून बघितल्याशिवाय पटत नाही.
- ओव्हरड्राइव्ह: उपस्वर वाढवतो, त्यामुळे छोट्या स्पीकरवरही बेस कळतो. साध्या गिटारच्या अशा पेडलमध्ये खालचा भाग बऱ्याचदा गळतो. म्हणून मूळ आवाज मिसळण्याचं बटण असलेलं बेसचं पेडल बघा.
- ऑक्टेव्ह: एक सप्तक खालचा स्वर जोडतो. पण मोकळ्या ई तारेचं अर्धं म्हणजे जेमतेम २० हर्ट्झ. आपल्या कानाची हद्द तिथेच संपते. वरच्या पडद्यांवरच वापरा.
- कोरस: आवाज रुंद करतो. संथ गाण्याला छान, ठेक्याच्या गाण्यात बेसची कड बोथट करतो.
- डीआय बॉक्स: बेस थेट साऊंडवाल्याच्या मिक्सरला जोडतो. लांब वायरीत वरचे स्वर गळतात, ते यामुळे वाचतात. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्याला याचा उपयोग सगळ्यात जास्त.

जोडायचा क्रम साधारण असा: आधी कॉम्प्रेसर, मग ओव्हरड्राइव्ह, मग इक्वलायझर, मग कोरस, शेवटी डीआय. ऑक्टेव्ह वापरत असाल तर तो सगळ्यात आधी, कारण त्याला स्वच्छ स्वर लागतो.

६. मग पैसे कशावर खर्च करायचे?

माझा क्रम सांगतो. तारा, वायर, पिकअपची उंची आणि हात. हे स्वस्त आहे आणि फरक सगळ्यात मोठा. त्यानंतर डीआय किंवा इक्वलायझर. त्यानंतर चांगला पिकअप, तोही जुना पिकअप नेमका कुठे कमी पडतो हे सांगता आलं तरच. रंग भरणारी पेडलं शेवटी.

त्या रविवारी सुरुवातीला आम्ही एक ओळ मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवली होती. तारा बदलल्या, वायरच्या टोकाचा सुटलेला टाका डाग देऊन जोडला, बटणं आणि उंची लावली आणि तीच ओळ परत घेतली. इयरफोनवर दोन्ही ऐकल्यावर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, मी पेडल घेतलं असतं तर हा मळच मोठा वाजला असता."

साठवलेल्या पैशातला थोडासाच भाग खर्च झाला. आईचे पैसे त्याने त्याच रात्री परत दिले. पुढे दोन लग्नं वाजवल्यावर तो पुन्हा आला. या वेळी प्रश्न वेगळा होता: "सर, कार्यालयात खालचा पट्टा घुमतोय आणि वायर लांब पडतेय. इक्वलायझर असलेला डीआय घेऊ का?" मी म्हणालो, "आता घे."

स्वाध्याय

१. नायलॉनच्या तारा लावलेल्या गिटारवर चुंबकीय पिकअप का चालत नाही?
२. घुंई आणि ई तारेचा तिसरा पडदा यांचा संबंध स्पष्ट करा.
३. एकच ओळ घोडीजवळ, मध्ये आणि मानेकडे वाजवून रेकॉर्ड करा. इयरफोनवर ऐकून तीन वाक्यांत फरक लिहा.
४. तुमच्या वाद्याची साखळी काढा आणि सगळ्यात कच्ची कडी कोणती ते कारणासह सांगा.

चौथ्या प्रश्नाचं उत्तर वहीत लिहून झाल्यावरच दुकानात जा. पुढच्या पाठात भेटू.