प्रोसेसर बसतो; पण चालेल का?

शाळेतील एखादा जुना संगणक फार संथ झाला की "याचा प्रोसेसर बदलला तर?" हा प्रश्न हमखास निघतो. प्रोसेसर म्हणजे संगणकातील आकडेमोड करणारा मुख्य भाग. मदरबोर्डवरील ज्या बैठकीत तो बसवतात तिला सॉकेट म्हणतात. इंटेल कंपनीने २००४ साली आणलेले 'एलजीए ७७५' हे सॉकेट आपण उदाहरणासाठी घेऊ.

नावातील ७७५ ही विद्युत् स्पर्शबिंदूंची संख्या आहे. इंटेलच्या त्याआधीच्या ४७८ क्रमांकाच्या सॉकेटात टाचणीसारख्या पिना प्रोसेसरच्या पोटाला असत. ७७५ मध्ये ही रचना उलटी झाली. प्रोसेसरच्या पोटाला चपट्या टिकल्या आल्या आणि नाजूक, स्प्रिंगसारख्या पिना सॉकेटात गेल्या. म्हणूनच उघड्या सॉकेटाला बोट लावू नये. एक पिन वाकली तरी मदरबोर्ड निकामी होऊ शकतो.

या एकाच बैठकीत पेंटियम ४, पेंटियम डी, २००६ सालचा कोअर २ ड्युओ आणि त्यानंतरचा चार गाभ्यांचा कोअर २ क्वाड असे सारे प्रोसेसर बसतात. मग ७७५ च्या कोणत्याही मदरबोर्डवर यांपैकी कोणताही चालेल का? नाही! बसणे वेगळे आणि चालणे वेगळे. याची कारणे पाहू.

पहिले कारण ठोक्यांचे. मदरबोर्ड ठरावीक गतीने ठोके पुरवतो आणि प्रोसेसर त्यांना आपल्या गुणकाने गुणतो. उदाहरणार्थ :

पेंटियम ४ (६३०) : २०० × १५ = ३००० मेगाहर्ट्झ
कोअर २ ड्युओ (ई८४००) : ३३३ × ९ = सुमारे ३००० मेगाहर्ट्झ

उत्तर जवळजवळ एकच, पण पाया निराळा. समजा, तुमचा मदरबोर्ड २०० च्या वर जाऊच शकत नाही. अशा वेळी ई८४०० बहुधा सुरूच होणार नाही; झालाच, तर २०० × ९ = १८०० मेगाहर्ट्झवर रखडेल.

दुसरे कारण विद्युत्-दाबाचे. आपल्याला किती व्होल्ट हवेत, हे प्रोसेसर मदरबोर्डला संकेताने कळवतो. २००४-०५ च्या अनेक मदरबोर्डांना कोअर २ चे हे संकेत समजत नाहीत.

तिसरे कारण बायॉसचे. संगणक सुरू होताना सर्वप्रथम चालणाऱ्या या प्रोग्रॅमला नव्या प्रोसेसरची ओळख असावी लागते.

चौथी बाब उष्णतेची. ई८४०० साठी ६५ वॉट उष्णता गृहीत धरतात, पेंटियम ४ (६३०) साठी ८४, तर चार गाभ्यांच्या क्यू६६०० साठी ९५ किंवा १०५. पंखा आणि वीजपुरवठा तितका सक्षम हवा.

या चारही अटी पुऱ्या झाल्या तर मात्र फायदा मोठा असतो. ई८४०० ला दोन गाभे आहेत आणि प्रत्येक गाभा एका ठोक्यात पेंटियम ४ पेक्षा अधिक काम उरकतो. गती ३००० मेगाहर्ट्झच राहिली, तरी काम झपाट्याने होते.

तेव्हा खरेदीपूर्वी मदरबोर्डवर छापलेला क्रमांक वाचा आणि त्याच्या उत्पादकाने दिलेली चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी तपासा. पुष्कळदा स्मृती वाढवणे किंवा फिरत्या चकतीच्या जागी एसएसडी बसवणे अधिक उपयोगी ठरते. आणखी एक मर्यादा ध्यानात ठेवा. इंटेलने २००८ साली १३६६ आणि २००९ साली ११५६ बिंदूंचे सॉकेट आणले. त्यांचे प्रोसेसर ७७५ मध्ये बसतच नाहीत. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्यांना लागणाऱ्या काही आज्ञाही कोअर २ ला येत नाहीत. लिनक्सच्या हलक्या आवृत्त्या मात्र त्यावर चालतात.

स्वाध्याय : क्यू६६०० चा गुणक ९ आणि ठोके २६६ आहेत. त्याची गती काढा. २०० च्या मदरबोर्डवर तो सुरू झालाच, तर गती किती राहील?