पडण्याचा आजार

मागे एकदा सेनगावच्या आठवडी बाजारात माझ्या डोळ्यांसमोर एक तरुण हमाल धाडकन कोसळला. हातपाय झटके देऊ लागले, तोंडाला फेस आला. कोणी कांदा फोडून नाकाशी धरला, कोणी चप्पल हुंगवली. थोड्या वेळाने तो उठून बसला, भोवतालची गर्दी पाहिली आणि ओशाळून मान खाली घातली. या आजाराला आपण घरी मिरगी म्हणतो. मराठीत त्याला फेफरे किंवा अपस्मार म्हणतात.

त्या दिवशी मला एक नाटक आठवले. शेक्सपिअर या इंग्रज नाटककाराने सुमारे १५९९ साली 'ज्युलिअस सीझर' लिहिले. सीझर हा रोमचा सर्वांत बलाढ्य सेनापती. त्याला राजमुकुट देऊ केला जातो. तो तीनदा नाकारतो आणि भर बाजारात फेफरे येऊन पडतो. हा प्रसंग रंगमंचावर दिसत नाही. कास्का नावाचा सरदार तो थट्टेने सांगतो.

सीझरची मिरगी प्लूटार्क या प्राचीन चरित्रकाराने नोंदवली आहे. नाटकात मात्र सीझर डाव्या कानाने बहिराही आहे, आणि हा बहिरेपणा शेक्सपिअरने पदरचा घातला असे मानतात. कशासाठी? मला वाटते, हा कान म्हणजे एक खूण आहे. ज्योतिषी सावध करतो, पत्नी अडवते, पण सीझर कोणाचेच ऐकत नाही. तो स्वतःला ध्रुवताऱ्यासारखा अढळ म्हणवतो, आणि त्याचे शरीर तर बाजारात कोसळलेले असते!

कॅशिअसला हेच खुपते. नदीत बुडताना मी याला वाचवले, स्पेनमध्ये हा तापाने थरथरत होता, मग याच्यापुढे आम्ही का वाकावे, असे तो ब्रूटसला विचारतो. पडण्याचा आजार खरा आपल्यालाच आहे, असा टोमणाही मारतो. पडणे म्हणजे इथे लाचार होणे. पुढे इ. स. पूर्व ४४ मध्ये, १५ मार्चला, सीझरचा खून होतो.

पण कॅशिअसचे स्वतःचे डोळे अधू होते! इ. स. पूर्व ४२ मध्ये फिलिपीच्या लढाईत तो आपल्या गुलामाला टेकडीवर पाहायला पाठवतो. आपला मित्र शत्रूच्या हाती सापडला, असे गुलाम सांगतो. खरे तर मित्राला आपल्याच सैनिकांनी आनंदाने घेरलेले असते. कॅशिअस खात्री करीत नाही, त्याच गुलामाच्या हातून मरण पत्करतो.

आज आपल्याला माहीत आहे की मिरगी हा मेंदूचा आजार आहे. मेंदूतल्या विजेच्या लहरी अचानक बिघडल्या की झटका येतो. तो एकाकडून दुसऱ्याला लागत नाही, आणि औषधांनी बहुतेकांचे झटके आटोक्यात राहतात. कोणी पडले तर त्याला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत. झटका पाच मिनिटांपेक्षा जास्त चालला तर लगेच दवाखान्यात न्यावे. कांदा आणि चप्पल यांचा काही उपयोग नाही.

शुद्धीवर आल्यावर सीझरनेही लोकांची क्षमा मागितली होती, आजारपणात काही चुकले असेल तर मनावर घेऊ नका म्हणून. कास्काला त्याचेही हसू येते. पण तोच सांगतो की जवळ उभ्या असलेल्या तीन-चार बायका मात्र हळहळल्या.