टोकन देण्याआधी

चि. सायली,


नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचं घर तुला पसंत पडल्याचं ताईने सांगितलं. राजगड-तोरण्याच्या मुलखात घर कोणाला नको? पण "सातबारा क्लिअर आहे" एवढ्या एजंटच्या शब्दावर टोकन देऊ नकोस. सातबारा ही महसुली नोंद. मालकी ठरते खरेदीखत, वाटप आणि वारसा यांवरून. सोयरीक जुळवताना आपण घराणं विचारतो, तसं जमिनीचं घराणं फेरफारांत वाच. निदान 30 वर्षांचे फेरफार काढ आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचार: यातून कोणाचं नाव गळलंय?

बहुतेक वेळा ते बहिणींचं असतं. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतका हक्क हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मिळाला. तो जन्मतःच असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. सगळ्या भावांच्या सह्या झाल्या तरी बहिणींची हक्कसोडपत्रं नोंदलेली आहेत का, हे बघ.

मग सातबाऱ्यावरची भूधारणा पद्धत आणि 'इतर हक्क' हा रकाना सावकाश वाच. 1948 मध्ये विलीन होईपर्यंत इथलं भोर हे पंतसचिवांचं संस्थान. जमिनीवर जुन्या इनाम-वतनाची अट असू शकते. शिवाय भाटघर, पानशेत, गुंजवणी, नीरा-देवघर अशी धरणं याच भागात. म्हणून 'भोगवटादार वर्ग 2', 'पुनर्वसनासाठी राखीव', कूळकायद्याचं 'कलम 43' किंवा वनाचा शेरा दिसला, की थांब आणि वकिलाला दाखव. वर्ग 2 ची जमीन मालकाच्या नुसत्या मर्जीने विकता येत नाही.

घर गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा पुढे करतील. तो घरपट्टीचा कागद. मिळकत पत्रिका आणि मूळ खरेदीखत माग. गावठाणाबाहेर असेल तर बिनशेती वापराचा पुरावा आणि मंजूर नकाशा पाहिजे. भोरच्या आणि वेल्ह्याच्या, दोन्ही तालुक्यांतली काही गावं पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या (पीएमआरडीए) हद्दीत आहेत, काही नाहीत. तेव्हा परवानगी देणारं कार्यालय कोणतं, हे आधी ठरव. प्लॉटिंग 500 चौरस मीटरहून मोठं असेल तर महारेराचा नंबर विचार. जमीन अजून शेतीचीच असेल तर आपण शेतकरी नसल्याने कूळकायद्याचं कलम 63 आडवं येईल. "सध्या कुलमुखत्यारपत्र करू, नाव नंतर चढेल," असं कोणी म्हणालं तर सरळ उठून ये. त्या कागदाने मालकी मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच सांगितलंय.

आपल्या पसंतीचा वकील गाठ, विकणाऱ्याचा नको. त्याच्याकडून दुय्यम निबंधकाकडचा सर्च रिपोर्ट घे, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दे, भूमी अभिलेखची मोजणी करून हद्द आणि रस्ता जागेवर तपास. साठेखत त्यानंतर.

एवढं मागितल्यावर मालक म्हणेल, "दुसरं गिऱ्हाईक तयार आहे." असू दे. ते त्यालाच लखलाभ होवो.

तुझा,
मामा