खालशाची धाड आणि लीळाचरित्राची पाठपरंपरा

पंथाच्या इतिहासात ‘खालशाची धाड’ हा शब्द वारंवार येतो. परंतु त्या धाडीत नेमके काय गेले आणि काय राहिले, याचा विचार सहसा होत नाही. शके १२०० च्या सुमारास म्हाइंभटांनी श्रीक्षेत्र ऋद्धिपूर येथे सिद्ध केलेली लीळाचरित्राची मूळ पोथी त्या धाडीत नाहीशी झाली, असे आपली परंपराच सांगते. मग आज आपण पारायण करतो ते लीळाचरित्र कोणते? पंथाबाहेरचा अभ्यासक हा प्रश्न विचारतो तेव्हा आपल्यातील पुष्कळांना तो उपमर्द वाटतो. वस्तुतः साधकाने तो स्वतःच प्रथम विचारावयास हवा.

आधी काळाचा क्रम पाहू. कडा प्रांताचा सुभेदार अल्लाउद्दीन खिलजी इ. स. १२९६ मध्ये घोडदळ घेऊन विंध्य उतरला, तो प्रथम एलिचपुरास आला. एलिचपूर म्हणजे आजचे अचलपूर. ऋद्धिपूर तेथून फार दूर नाही. देवगिरीचे राजे रामदेवराव त्या वेळी बेसावध होते. युवराज शंकरदेव सैन्यासह बाहेर होता. घाईघाईने किल्ल्यावर चढविलेल्या गोण्यांत धान्याऐवजी मीठ निघाले, अशी कथा फेरिश्त्याने दिली आहे. ती अक्षरशः खरी मानली नाही तरी चालेल. किल्ल्यावर पुरेसा शिधा नव्हता, एवढे तीवरून कळते. पुढे मलिक काफूरच्या स्वाऱ्या झाल्या, शंकरदेव मारला गेला, आणि इ. स. १३१८ च्या सुमारास हरपाळदेवाच्या वधाने यादवांचे राज्य संपले. म्हणजे ‘धाड’ या एका शब्दामागे सुमारे बावीस वर्षांची अस्थिरता उभी आहे. भटोबासांचा अंतकाळ याच अवधीत, इ. स. १३०२ मध्ये, झाला. पंथाचा आधारस्तंभ गेला आणि देशाचे छत्रही मोडले, असा तो काळ होता.

अशा प्रसंगी काय सांभाळावे, हा प्रश्न श्रीकृष्णचरित्रातही आला आहे. भागवताच्या दशमस्कंधात जरासंध सतरा वेळा मथुरेवर चालून येतो आणि सतराही वेळा परतविला जातो. पुढच्या खेपेस एकीकडून कालयवन आणि दुसरीकडून पुन्हा जरासंध, असा पेच पडला, तेव्हा श्रीकृष्ण चक्रवर्तींनी मथुरा राखण्याचा हट्ट धरला नाही. समुद्रात द्वारका वसविली, सर्व जनांना तेथे नेऊन ठेवले, आणि मग स्वतः निःशस्त्र, पायी, कालयवनासमोरून निघाले. लोक या लीळेला ‘रणछोड’ म्हणून हसण्यावारी नेतात. पण तिच्यातील क्रम पाहावा. आधी माणसे हलविली, नगर मागाहून सोडले. स्थान हे पात्र आहे; त्यातील वस्तू वाचली तर पात्र दुसरे करता येते.

लीळाचरित्राचेही असेच झाले. म्हाइंभटांनी ज्यांनी जी लीळा पाहिली त्यांच्याकडून ती मिळविली आणि भटोबासांकडून तपासून घेतली. पोथी एक होती, पण तिचा उगम अनेकांच्या स्मरणात होता. आणि पोथी झाल्यावरही ते स्मरण थांबले नाही, कारण नाम, लीळा, मूर्ती, चेष्टा यांचे स्मरण हा आपल्या आचाराचाच भाग आहे. अटन करणारा संन्यस्त वस्त्रपात्रापलीकडे काही बाळगत नाही. त्याच्यापाशी जे असते ते मुखी असते. धाडीने पोथी नेली. विखुरलेल्या भिक्षुकांच्या मुखातील लीळा नेणे कोणत्याही सैन्याला शक्य नव्हते.

हिराइसांचे नाव येथे आदराने घ्यावयाचे. त्या एकपाठी होत्या, लीळाचरित्र त्यांना मुखोद्गत होते, असे परंपरा सांगते. याला केवळ चमत्कार मानणे मला पटत नाही. केशोबासांना संस्कृतात ग्रंथरचना करण्याची इच्छा झाली, तेव्हा तसे केल्यास म्हाताऱ्या बाया ज्ञानाला मुकतील, असे भटोबासांनी त्यांना बजावले होते. ग्रंथ संस्कृतात बांधला गेला असता तर हिराइसांसारख्या तपस्विनीच्या मुखी तो नित्याच्या बोलण्यासारखा वसला असता काय? स्वामींनी स्वीकारलेल्या मराठी भाषेने ग्रंथाचे रक्षणही केले, असे मी समजतो.

दुसरा आधार केशोबासांचाच. लीळांतून सर्वज्ञांची वचने वेचून त्यांनी सूत्रपाठ सिद्ध केला आणि दृष्टांतपाठात ११४ दृष्टांत गुंफले. पोथी गेली तरी तिच्यातील ब्रह्मविद्येचा गाभा अशा रीतीने वेगळ्या पात्रांत उरला होता.

आता पाठभेदांविषयी. जुन्या पोथ्यांत एखादी लीळा देऊन मग हिराइसापाठ, रामेश्वरबास, परशरामबास अशी नावे घालून निराळे पाठ नोंदलेले दिसतात. कोणा नवशिक्याला त्यात गोंधळ वाटतो. कोणी उत्साही वाचक ‘एकच शुद्ध पाठ छापा’ म्हणतो. माझे मत याच्या अगदी उलट आहे. ज्यांना लबाडी करावयाची असते ते भेद पुसून टाकतात. आपल्या पूर्वसूरींनी अमक्याचे स्मरण असे, तमक्याचे तसे, हे नावासह लिहून ठेवले आणि निवाडा अधिकारी वाचकावर सोपविला. मूळ पोथी आपल्यापाशी नाही. तिच्या साक्षीदारांच्या जबान्या मात्र आहेत.

सांकेतिक लिप्या या धाडीच्या भयानेच निर्माण झाल्या, असेही पुष्कळदा लिहिले जाते. मला ते अपुरे वाटते. पोथी लुटणाऱ्या स्वाराला नागरी लिपी तरी कोठे वाचता येत होती? सकळ लिपीमागे अनधिकाऱ्यापासून ब्रह्मविद्या राखण्याचा हेतू अधिक दिसतो. त्याची किंमतही पंथाने मोजली. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाड्यांनी ती लिपी उलगडेपर्यंत आपले वाङ्मय बाहेरच्या मराठी जगाला जवळजवळ अज्ञातच राहिले, आणि त्या अज्ञानातून नाना प्रवाद उठले.

साधकांनी यापुढे पूर्वार्धातील कोणतीही एक लीळा घ्यावी व तिचे नोंदलेले सर्व पाठ शेजारी मांडून वाचावेत. बहुधा स्थळ, क्रम किंवा एखाद्या व्यक्तीचे नाव बदललेले आढळेल. स्वामींच्या मुखीचे वचन कितपत बदलते, हे विशेष लक्षपूर्वक पाहावे.