शेवंतीला रात्रीचा उजेड : सोडियम दिवे वापरताना

डिसेंबरात आपल्याकडे दिवस जेमतेम ११ तासांचा असतो. शेवंतीच्या बहुतेक जाती दिवस साडेतेरा तासांहून लहान झाला की कळी धरतात. त्यामुळे या दिवसांत लावलेले रोप वीतभर असतानाच कळीवर येते आणि दांडा आखूड राहतो. लांब दांड्याची फुले हवी असतील, तर लागवडीच्या दिवसापासून रात्री उजेड द्यावा लागतो. त्यासाठी सोडियम व्हेपर दिवे चालतात, पण त्यांचा स्वभाव ओळखून वापरले तरच.

दिवा कसा पेटतो?
बाहेरच्या काचेच्या आत सिरॅमिकची बारीक नळी असते. तिच्यात सोडियम, थोडा पारा आणि झेनॉन वायू असतो. इग्निटर काही हजार व्होल्टचा झटका देतो, झेनॉनमधून वीज वाहू लागते, त्या उष्णतेने पारा व सोडियमची वाफ होते आणि सोनेरी उजेड पडतो. पूर्ण तेजाला तीन-चार मिनिटे लागतात. पेटल्यावर प्रवाहाला आवर घालण्याचे काम चोक करतो. वीज क्षणभर गेली तरी दिवा विझतो आणि नळी निवल्याशिवाय पुन्हा पेटत नाही.

हे दिवे रस्ते, बंदरे, मालधक्के अशा ठिकाणी वर्षानुवर्षे वापरले गेले. नेदरलँड्सच्या काचगृहांत हिवाळ्यात ऊन अपुरे पडते, म्हणून तिथे गुलाब-टोमॅटोला वाढीसाठीच हा उजेड भरपूर देतात. आपल्याकडे ऊन पुरेसे आहे. आपल्याला फक्त रात्र मोडायची, म्हणजे तिचा सलग अंधार मध्येच तोडायचा आहे आणि त्याला फार थोडा उजेड पुरतो.

किती आणि केव्हा?
• रात्री १० ते २ या वेळेत उजेड द्यावा.
• रोपांच्या शेंड्यावर सुमारे १०० लक्स उजेड हवा. लक्समीटरने दोन दिव्यांच्या मधल्या जागी आणि वाफ्याच्या कडेला मोजावे. अंधाऱ्या कोपऱ्यातली रोपे आधी कळीवर येतात.
• साध्या बल्बसारखे काही मिनिटे चालू, काही मिनिटे बंद असे चक्र इथे लावू नये. सलग चार तास चालवावे. चालू-बंद पद्धतच हवी असेल, तर एलईडी घ्यावेत.

विजेचा हिशेब
४०० वॅटचा दिवा चोकसह सुमारे ४४० वॅट ओढतो. असे दहा दिवे चार तास चालले तर रात्रीला साधारण साडेसतरा युनिट लागतात, म्हणजे महिन्याला सव्वापाचशेच्या आसपास. शेतीपंपाच्या फीडरवर पाळी दिवसाची असेल, तर रात्री वीज मिळणार नाही. म्हणून लागवडीआधीच रात्रीच्या विजेची किंवा जनरेटरची सोय करावी. नवीन खरेदी करायचीच असेल, तर एलईडीचा खर्चही मांडून बघावा. रस्त्यावरून उतरवलेली फिटिंग स्वस्त मिळाली, तरी दिवा घटकाभर पेटून विझतो आणि पुन्हा पेटतो का, ते पाहावे. तसे होत असेल तर त्याचे आयुष्य संपत आले आहे.

दिवे केव्हा बंद करावेत?
रोपाने हवी तेवढी उंची गाठली की उजेड थांबवावा. त्यानंतर जातीनुसार ८ ते ११ आठवड्यांत फुले येतात. गुढीपाडव्याचा बाजार धरायचा असेल, तर पंचांगातल्या तिथीपासून तितके आठवडे मागे मोजून तारीख ठरवावी. बंद केल्यावर रात्र खरोखर अंधारी हवी. रस्त्याचा किंवा गोठ्याचा दिवा वाफ्यावर पडत असेल, तर त्या बाजूला काळे कापड बांधावे. नाहीतर तेवढ्या ओळी हिरव्याच राहतात. खरिपात रस्त्याच्या दिव्याखालचे सोयाबीन पिकायला उशीर करते, त्याचे कारणही हेच.

सुरक्षितता
• जोडणी वायरमनकडूनच करून घ्यावी. अर्थिंग आणि गळतीरोधक स्विच हवाच.
• तापलेल्या काचेवर फवारणीचे पाणी पडले तर ती तडकते. काच झाकलेलीच फिटिंग वापरावी आणि दिवे निवल्यावरच फवारावे.
• दिव्यात पारा असतो. जुना दिवा बांधावर फोडू नये. तो ई-कचरा संकलनात द्यावा.